भावाने आणलेला फतवा आणि बहिणींचा हिस्सा : आधी सवाल वाचावा

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचे वडील वारले. मागे आई, एक भाऊ आणि दोन बहिणी आहेत. जमीन आठ एकर असून काही कोरडवाहू, तर काही विहिरीच्या पाण्यावरची ओलिताची आहे. वारस लावण्याचा विषय निघताच भावाने एका दारुल इफ्तामधून, म्हणजे फतवे देणाऱ्या संस्थेतून, फतवा आणला, तो जमातीतल्या वडीलधाऱ्या मंडळींसमोर वाचून दाखवला आणि ‘शरियतचा निकाल लागला, बहिणींचे आता काही उरले नाही’ असे जाहीर केले. ताईंनी कागदाचा फोटो पाठवून तीन गोष्टी विचारल्या आहेत. फतवा कोर्टाच्या हुकमासारखा असतो का? तलाठी त्यावरून फेरफार घेईल का? आणि फतव्याविरुद्ध दाद मागितली तर ते दीनच्या, म्हणजे धर्माच्या, विरुद्ध जाणे होईल का?

मी या भागातल्या तालुका न्यायालयांत मुस्लिम कुटुंबांचे वारसा, मेहर (निकाहात पतीने पत्नीला द्यायची रक्कम), तलाक आणि पोटगीचे खटले बराच काळ चालवत आलो आहे, आणि उर्दूत लिहिलेले फतवे वाचणे हा त्या कामाचाच भाग आहे. त्या आधारावर पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर लगेच देता येते: फतवा हा हुकूम नव्हे, आणि केवळ त्याच्या आधारे सातबाऱ्यावरून कोणत्याही वारसाचे नाव वगळता येत नाही. तिसऱ्या प्रश्नाला मात्र सावकाश उत्तर द्यावे लागेल, कारण ताईंच्या मनावरचे खरे ओझे तेच आहे असे त्यांच्या लिहिण्यावरून दिसते.

इस्लामी कायदा एखाद्या संहितेसारखा कलमवार लिहिलेला नाही. कुराण, पैगंबरांच्या आचरणाची परंपरा म्हणजे सुन्नत, विद्वानांचे एकमत म्हणजे इज्मा, आणि या सर्वांवरून तर्काने काढलेला निष्कर्ष म्हणजे कियास, अशा आधारांवर फिकह, म्हणजे इस्लामी विधिशास्त्र, उभे राहिले. त्याचे पुढे हनफी, शाफई, मालिकी, हंबली आणि शिया जाफरी असे पंथ झाले. सामान्य माणसाला यातून स्वतःच वाट काढणे शक्य नसते, म्हणून तो जाणकाराला विचारतो. विचारणारा तो मुस्तफ्ती, त्याचा लेखी प्रश्न म्हणजे इस्तिफ्ता, उत्तर देणारा मुफ्ती आणि उत्तर म्हणजे फतवा. विचारण्याची ही रीत कुराणातच आहे. सूरह निसामध्ये ‘ते तुम्हाला फतवा विचारतात, सांगा की अल्लाह तुम्हाला फतवा देतो’ असा शब्दप्रयोग दोन ठिकाणी, आयत 127 आणि 176 मध्ये, येतो. त्यांपैकी एक जागा स्त्रियांच्या हक्कांविषयी आहे आणि दुसरी वारसाहक्काविषयी. ताईंनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. फतव्याची कुराणातील मुळे ज्या विषयांत आहेत, त्यांतच त्यांचा आजचा प्रश्न बसतो.

मुफ्तीच्या शेजारी काझी असतो आणि गावात या दोघांची नेहमी गल्लत होते. काझी दोन्ही पक्षांना समोर बोलावतो, साक्षी घेतो, शपथ घालतो, कागद तपासतो आणि मग निकाल देतो; त्याचा निकाल पक्षकारांवर बंधनकारक असावा हीच त्या पदाची कल्पना आहे. मुफ्ती यातले काहीही करत नाही. त्याच्यासमोर एकच माणूस असतो, बहुतेक वेळा तोही नसतो, त्याचा कागद असतो. कागदात जे लिहिले आहे ते खरे धरून ‘असे असेल तर शरियतचे म्हणणे हे आहे’ एवढेच तो सांगतो. म्हणूनच त्याच दिवशी दुसऱ्या पक्षाने वेगळी हकीकत लिहून पाठवली तर तोच मुफ्ती उलट उत्तर देऊ शकतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

आपल्याकडे गावोगाव निकाह लावणारे जे काझी साहेब असतात, त्यांच्याबाबतही हे स्पष्ट असावे. 1880 च्या काझी अधिनियमाखाली नेमलेल्या काझीला त्याच कायद्याच्या चौथ्या कलमानुसार कोणतेही न्यायिक अधिकार मिळत नाहीत. त्यांचा मान मोठा आहे आणि तो असावा, परंतु जमिनीचा निवाडा त्यांच्या अखत्यारीत येत नाही.

आता ताईंनी पाठवलेला कागद पाहू. फतव्याच्या कागदाची एक ठरलेली मांडणी असते. वरच्या भागात सवाल असतो आणि त्याची सुरुवात ‘क्या फरमाते हैं उलमा-ए-दीन व मुफ्तियान-ए-शरअ इस मसले के बारे में’ अशा ठरावीक वाक्याने होते. त्यात खरी नावे बहुधा नसतात. पुरुषासाठी ज़ैद, अमर, बकर आणि स्त्रीसाठी हिंदा अशी नावे घालण्याची जुनी पद्धत आहे, जेणेकरून उत्तर माणूस पाहून न देता मसला, म्हणजे प्रश्न, पाहून दिले जावे. त्याखाली ‘अल-जवाब’ असे लिहून उत्तर सुरू होते, शेवटी ‘वल्लाहु आलम’, म्हणजे खरे काय ते अल्लाहच जाणतो, असे येते, आणि मग सही, शिक्का, फतव्याचा क्रमांक आणि हिजरी तारीख. कधी दुसरे मुफ्तीही ‘अल-जवाब सहीह’ लिहून दुजोऱ्याची सही करतात.

भावाने जमातीत वाचून दाखवला तो ‘अल-जवाब’ नंतरचा भाग. वरचा सवाल वाचला गेला नाही. फोटोत तो स्पष्ट दिसतो, आणि त्यात असे विचारले आहे की ज़ैदने आपल्या हयातीत सर्व जमीन आपल्या एकुलत्या मुलाला हिबा केली आणि कब्जाही दिला, नंतर ज़ैदचे इंतिकाल झाले, तर आता ज़ैदच्या मुलींना त्या जमिनीत हक्क पोचतो का? या सवालाला कोणताही हनफी मुफ्ती तेच उत्तर देईल जे या मुफ्ती साहेबांनी दिले आहे. हिबा म्हणजे बक्षीस पूर्ण झाले असेल, तर ती मालमत्ता मृत्यूच्या वेळी वडिलांची राहिलीच नाही. ती तरक्यात, म्हणजे वाटून घ्यायच्या संपत्तीत, येत नाही आणि म्हणून मुलींनाच काय, कोणालाच वारसा म्हणून तिच्यात हिस्सा मिळत नाही. उत्तर बरोबर आहे.

पण ते कोणत्या अटीवर बरोबर आहे, हे त्याच उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहिलेले आहे: ‘बशर्ते सेहत-ए-सवाल, सूरत-ए-मसऊला में’. म्हणजे सवाल खरा असेल तर, आणि विचारलेल्या परिस्थितीपुरते. हे शब्द शोभेचे नाहीत. मुफ्तीने आपल्या उत्तराची हद्द त्यांतून आखून दिलेली असते. आपल्याकडे माती परीक्षणाला नमुना देतात, तेव्हा अहवाल त्या पिशवीतल्या मातीचा येतो. ती माती त्याच शेतातली आहे की दुसऱ्याच्या धुऱ्यावरून उचललेली, हे प्रयोगशाळा सांगत नाही. फतव्याचे अगदी तसेच आहे. त्यामुळे फतवा हातात आला की माझा पहिला सल्ला नेहमी हाच असतो की जवाब बाजूला ठेवा आणि सवाल दोनदा वाचा.

ताईंनी लिहिलेली हकीकत सवालाशी ताडून पाहिली तर फरक मोठा आहे. त्या म्हणतात की सातबारा शेवटपर्यंत वडिलांच्याच नावावर होता, पीककर्ज वडिलांच्या नावाने उचलले जाई, कोरडवाहू तुकडा त्यांनी स्वतः एका शेजाऱ्याला बटईने दिलेला होता आणि त्याचा अर्धा माल त्यांच्याच घरी उतरे. हनफी फिकहमध्ये हिब्याला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने देतो म्हणणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि प्रत्यक्ष कब्जा सोपवणे. कब्जाशिवाय हिबा पूर्ण होत नाही. आपली न्यायालयेही हेच तीन घटक पाहतात. 2011 मध्ये हाफिजा बीबी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुस्लिम कायद्यातील तोंडी बक्षीस नोंदणीशिवायही वैध असू शकते असे म्हटले, तेही हे तीन घटक सिद्ध झाले तरच. मुलगा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असेल तर वडील पालक म्हणून त्याच्या वतीने कब्जा राखू शकतात, पण इथे भाऊ चांगला मोठा, संसारी माणूस आहे. तेव्हा वाद शरियतच्या नियमाचा नाहीच. वाद वस्तुस्थितीचा आहे: वडिलांनी जमीन दिली होती का आणि कब्जा सोडला होता का? हे ठरवण्याचे साधन मुफ्तीकडे नसते. ते साक्षीपुराव्यातून ठरते.

आणखी एक गोष्ट नमूद करतो. मुलींना वगळून सगळे एका मुलाला देण्याविषयी सवाल आला की अनेक मुफ्ती उत्तराच्या शेवटी जोडतात की हिबा पूर्ण झाला असला तरी मुलींना वंचित ठेवण्याच्या हेतूने तसे करणे गुनाह, म्हणजे पाप, आहे. त्यामागे नुमान बिन बशीर यांची प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांविषयीची परंपरेने आलेली हकीकत, आहे. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि पैगंबरांना साक्षीदार राहण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी इतर मुलांनाही तेवढेच दिले का असे विचारले आणि नाही म्हटल्यावर साक्षीला नकार दिला. ताईंच्या कागदावरही खालच्या दोन ओळी अशाच आहेत. जमातीत त्याही वाचल्या गेल्या नाहीत.

हिबा सिद्ध झाला नाही, तर हिशेब सोपा आहे. सूरह निसाच्या आयत 11 आणि 12 प्रमाणे, दफनाचा खर्च, देणी आणि असल्यास एक-तृतीयांशापर्यंतची वसीयत (मृत्युपत्र) वजा करून जे उरते त्यात, मुले असताना विधवेचा आठवा हिस्सा निघतो आणि बाकी मुलाला मुलीच्या दुप्पट या प्रमाणात वाटली जाते. आठ एकरांत आईचा एक एकर, भावाचे 3 एकर 20 गुंठे आणि प्रत्येक बहिणीचे 1 एकर 30 गुंठे. अर्थात ओलीत आणि कोरडवाहू यांची किंमत सारखी नसल्याने वाटणी नुसत्या क्षेत्रावर करून भागत नाही. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतका वाटा दिला, तो नियम इथे लागू होत नाही. तसेच मुस्लिम कायद्यात वडिलोपार्जित म्हणून जन्मतःच हक्क मिळत नाही, त्यामुळे वडील जिवंत असताना भावाचाही त्या जमिनीवर काही हक्क नव्हता.

गावात यावर एक ठरलेले उत्तर ऐकू येते: बहिणींनी हिस्सा माफ केला आहे, लग्नात खर्च झाला, दरवर्षी ईदला माहेरी येणेजाणे होते, मग हिस्सा कशाला? मला या युक्तिवादाचा मनापासून त्रास होतो, कारण तो धर्माच्या नावाने सांगितला जातो आणि धर्मग्रंथांत तो कुठे नाही. सोळाव्या शतकातील इजिप्तचे हनफी विद्वान इब्न नुजैम यांनी लिहून ठेवले आहे की वारसाने ‘मी माझा हक्क सोडला’ असे नुसते म्हटल्याने त्याचा हक्क नष्ट होत नाही, आणि आजचे मुफ्ती बहिणींच्या हिश्श्याबाबत हेच वाक्य वारंवार देतात. हनफी पद्धतीत वारसाला बाहेर पडायचे असेल तर त्याचा सरळ मार्ग तखारुज हा आहे, म्हणजे काही ठरावीक मोबदला घेऊन, राजीखुशीने, बाकी हिश्श्यावरचा दावा सोडणे. देशाच्या कायद्यातही वडील हयात असताना सोडलेल्या भावी हक्काला सहसा अर्थ नसतो आणि नंतर जमिनीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. ईदची साडी हा मोबदला नव्हे.

फतवा बंधनकारक नाही असे म्हटले की काही जणांना तो निरुपयोगी वाटू लागतो, आणि तेही तितकेच चुकीचे आहे. काळ बदलला तसा इस्लामी कायदा चालत राहिला तो मुख्यतः फतव्यांच्या पायांनी. औरंगजेबाच्या काळात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हनफी मतांचा जो मोठा संग्रह तयार झाला आणि फतावा-ए-आलमगिरी म्हणून ओळखला गेला, त्या कामाचे प्रमुख शेख निजाम हे आपल्या विदर्भाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरचे. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही वारशाचे प्रश्न सोडवताना त्याचा आधार घेतला.

स्त्रियांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे उदाहरण विसाव्या शतकातले आहे. हनफी मतानुसार नवरा बेपत्ता झाला, नांदवत नसला किंवा खर्च देत नसला तरी पत्नीला निकाहातून सुटण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता, आणि काही स्त्रिया केवळ सुटकेसाठी धर्म सोडल्याचे जाहीर करू लागल्या. तेव्हा देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला, मालिकी विद्वानांकडून मते मागवून, अशा बाबतीत मालिकी मतावर निकाहविच्छेद करता येतो असे सविस्तर प्रतिपादन केले. त्याच धाग्यावर पुढे 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम आला, आणि आजही आमच्या तालुक्यांत एखादी स्त्री त्या कायद्याखाली न्यायालयात जाते तेव्हा तिच्या अर्जामागे त्या विचारमंथनाची पुण्याई उभी असते.

शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारातूनही हे दिसते. बटईचाच विषय घ्या. इमाम अबू हनीफा, ज्यांच्या नावाने हनफी पंथ चालतो, त्यांनी पिकाच्या हिश्श्यावर जमीन देणे नाजायज मानले होते. त्यांचे दोन शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, यांनी लोकांची गरज आणि चालत आलेला व्यवहार पाहून ते जायज ठरवले, आणि तेव्हापासून हनफी मुफ्तींचा फतवा शिष्यांच्या मतावर आहे, गुरूंच्या नव्हे. अट एवढीच की हिस्सा प्रमाणात ठरला पाहिजे, अर्धा, तिसरा, चौथा असा. ‘आधी मला पाच क्विंटल तूर द्यायची, मग उरलेले अर्धे-अर्धे’ अशी बोली केली तर करार बिघडतो, कारण पाचच क्विंटल पिकले तर राबणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. रोख मक्त्याने जमीन देणे हा वेगळा व्यवहार आहे आणि तो भाडे म्हणून चालतो. उश्र, म्हणजे पिकावर द्यायचे धार्मिक दान, याचेही तसेच: पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा आणि स्वतः पाणी ओढून दिलेल्या पिकाचा विसावा, असे हदीसमध्ये आहे. भारतातील जमिनींना उश्र लागू धरावा की नाही यावर उलेमांत, म्हणजे धर्मपंडितांत, मतभेद आहेत, पण तो लागू धरला तर एकाच शेतकऱ्याच्या कोरडवाहू पऱ्हाटीला आणि विहिरीवरच्या गव्हाला वेगळा फतवा येईल. विचारणाऱ्याने पाणी कुठले हे लिहिलेच नाही, तर मुफ्ती काय सांगणार?

आपल्या गावांत देवबंदी आणि बरेलवी असे दोन मसलक, म्हणजे विचारपंथ, आहेत आणि काही ठिकाणी मशिदीही वेगळ्या आहेत, त्यामुळे ‘त्यांचा फतवा आम्हाला चालत नाही’ असे ऐकू येते. श्रद्धेच्या काही मुद्द्यांवर त्यांचे वाद तीव्र आहेत हे खरे, परंतु दोघेही हनफी आहेत आणि वारशाच्या हिश्श्यांत दोघांच्या उत्तरांत फरक पडत नाही. ताईंनी कोणाकडेही विचारावे.

कायद्याच्या बाजूने स्थिती अशी आहे. 1937 च्या शरियत अधिनियमाने वारसा, निकाह, मेहर, हिबा इत्यादी बाबतींत मुस्लिमांना रूढीऐवजी मुस्लिम वैयक्तिक कायदा लागू केला, मात्र दुसऱ्या कलमात शेतजमिनीविषयीचे प्रश्न शब्दशः वगळलेले आहेत. याचा फायदा घेऊन कोणी ‘आमच्यात मुलींना शेत न देण्याची रूढी आहे’ असे म्हणू शकतो; पण अशी रूढी सांगणाऱ्यावरच ती सिद्ध करण्याची जबाबदारी असते. त्यामुळे शेतीच्या दाव्यात केवळ फतवा किंवा केवळ आयत पुढे करून चालत नाही, वकिलाने हा मुद्दा आधीच बांधून घ्यावा लागतो.

फतव्याच्या दर्जाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 7 जुलै 2014 चा आहे, विश्वलोचन मदन विरुद्ध भारत सरकार. दारुल कझा, म्हणजे शरियतप्रमाणे वाद मिटवणाऱ्या संस्था, आणि फतवे यांवर बंदी घालावी अशी ती याचिका होती. न्यायालयाने बंदी घातली नाही. फतवा हे एक मत आहे, ते देणे बेकायदा नाही, पण त्याला कायद्याची मान्यता नाही. तो न्यायालयावर, शासनावर किंवा व्यक्तीवर बंधनकारक नाही आणि सक्तीने अंमलात आणता येत नाही, असे ठरले. ज्याला तो मान्य नाही त्याने त्याकडे दुर्लक्ष करावे, त्याला आव्हान देण्यासाठी कोर्टात जाण्याचीही गरज नाही. त्यासोबत न्यायालयाने असेही सांगितले की एखाद्या व्यक्तीच्या हक्कांना धक्का लागेल असा फतवा कोणा तिऱ्हाइताच्या विचारण्यावरून देऊ नये. गंमत म्हणून किंवा गावकीच्या राजकारणासाठी दुसऱ्याच्या घरातला मसला लिहून पाठवणारे लोक असतात. या सूचनेचा रोख त्यांच्याकडे आहे.

तलाकच्या खटल्यांत हा फरक मी फार जवळून पाहिला आहे. पोटगीचा अर्ज आला की नवऱ्याकडून फतवा दाखल होई: ज़ैदने हिंदाला अमुक तारखेला तलाक दिला, तर तलाक झाला का? जवाब: झाला. पण तलाक खरोखर दिला का, हाच तर वादाचा मुद्दा असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2002 मध्ये दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या प्रकरणात स्पष्ट केले की तलाक दिल्याचे नुसते सांगणे पुरेसे नाही, तो कारणासह आणि समेटाच्या प्रयत्नानंतर दिला गेला हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी शमीम आरा प्रकरणात हीच दिशा धरली. तत्काळ तीन तलाक तर 2019 च्या कायद्याने निरर्थक ठरला असून गुन्हाही आहे. फतव्याने वस्तुस्थिती सिद्ध होत नाही, हे तत्त्व जमिनीच्या खटल्यातही तितकेच चालते.

काही देशांत स्थिती वेगळी आहे हेही सांगतो, कारण टीव्हीवर पाहून गोंधळ होतो. मलेशियात राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या फतव्याला तिथल्या मुस्लिमांपुरते कायद्याचे बळ मिळते, इजिप्तमध्ये 1895 पासून सरकारी दारुल इफ्ता आहे. त्या देशांची व्यवस्था तिथपुरती. आपल्याकडे अशी कोणतीही सरकारी मुफ्ती-व्यवस्था नाही.

आता तिसरा प्रश्न. फतवा न मानता न्यायालयात जाणे म्हणजे दीनविरुद्ध जाणे का? मी आलिम (धर्मपंडित) नाही, पण या प्रश्नाचे उत्तर हदीसमध्ये इतके स्पष्ट आहे की ते सांगायला संकोच वाटत नाही. उम्मे सलमा यांनी सांगितलेली आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली हदीस अशा आशयाची आहे: मी माणूस आहे, तुम्ही भांडणे माझ्याकडे आणता, तुमच्यातला एखादा आपली बाजू दुसऱ्यापेक्षा चांगली मांडतो आणि मी ऐकतो त्यावरून निकाल देतो, पण अशा रीतीने ज्याला मी त्याच्या भावाच्या हक्कातले काही दिले, त्याने ते घेऊ नये, कारण मी त्याला आगीचा तुकडा देत आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात या हदीसचा प्रसंगही येतो. दोन माणसे वारशाचे भांडण घेऊन आली होती आणि दोघांकडेही पुरावा नव्हता. हे ऐकून दोघे रडले आणि प्रत्येक जण आपला हक्क दुसऱ्याला द्यायला निघाला.

खुद्द पैगंबरांच्या निकालाने चुकीच्या हकीकतीवर मिळालेली वस्तू हलाल होत नसेल, तर एका कागदावरच्या जवाबाने ती कशी होईल? वाबिसा यांच्या हदीसमध्ये तर मनाला विचार, मग मुफ्तींनी काहीही फतवा दिला असला तरी, असा उपदेश आहे. हे वचन मुफ्तींचा मान कमी करत नाही. ज्याला खरी हकीकत ठाऊक आहे त्याच्यावर ते जबाबदारी टाकते. म्हणजे सवालात खोटे लिहिले गेले असेल तर त्याचा हिशेब लिहिणाऱ्याला द्यायचा आहे. बहिणींनी खरी हकीकत योग्य जागी मांडणे यात दीनविरुद्ध काहीच नाही.

प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. प्रथम ताईंनी स्वतःचा इस्तिफ्ता लिहावा, शक्य तर त्याच दारुल इफ्ताकडे आणि आधीच्या फतव्याचा क्रमांक देऊन. त्यात असे लिहावे: ज़ैदचे निधन झाले, वारसांत एक पत्नी, एक सज्ञान मुलगा, दोन मुली, जमीन मृत्यूपर्यंत ज़ैदच्या नावावर आणि वहिवाटीत होती, त्याचे पीककर्ज ज़ैद घेत असे, काही भाग ज़ैदने बटईने दिला होता, मुलगा म्हणतो की तोंडी हिबा झाला, मुली ते नाकारतात, अशा स्थितीत हिबा पूर्ण झाला का, आणि नसल्यास प्रत्येकाचा हिस्सा किती? आपल्या बाजूचे लिहितानाही जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे लिहू नये. हे उत्तर न्यायालयात पुरावा म्हणून कामी येणार नाही, पण जमातीत ज्यांनी पहिला कागद ऐकला त्यांना दुसरा ऐकवता येईल, आणि अनुभव असा आहे की कित्येक घरांत गोष्ट तिथेच मिटते. भाऊ भाऊच असतो. त्याला मागे फिरायला सन्मानाची वाट राहिली पाहिजे.

त्याच वेळी महसुलाचे काम थांबवू नये. वारसांनी हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. तलाठी वारसांची नोंद गाव नमुना 6-क मध्ये घेतो, त्यावरून 6 मध्ये फेरफार होतो आणि हितसंबंधितांना नोटीस निघते. नोटीस आल्यावर मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. मग प्रकरण विवादग्रस्त म्हणून 6-अ मध्ये जाते व सुनावणी होते. तिथे मन भरले नाही तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील आहे. मात्र फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकीचा निवाडा नाही. हिबा झाला की नाही हे शेवटी दिवाणी न्यायालयातील वाटपाच्या दाव्यातच ठरेल. त्यासाठी सोसायटीचा किंवा बँकेचा कर्जखाते उतारा, जुने सातबारे व पीकपाहणी, आणि बटईदाराची साक्ष आतापासून जपून ठेवावी. वकिलाची फी झेपत नसेल तर 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते.

फतवा मानला नाही म्हणून कोणी लग्नकार्यात बोलावू नये, मशिदीत किंवा कब्रस्तानात अडवावे, किराणा देऊ नये असे ठरवत असेल, तर तो महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बहुतेक वेळा हा कायदा आहे एवढे जमातीच्या जबाबदार माणसाला शांतपणे सांगितले तरी पुरते.

शेवटी आईविषयी, कारण ताईंच्या प्रश्नात तिचा उल्लेख फक्त वारसांच्या यादीत आला आहे. तिचा आठवा हिस्सा कोणाच्या मर्जीवर नाही, आणि तोही त्या फतव्याने मुलींच्या हिश्श्याबरोबरच झाकला गेला आहे. शिवाय निकाहनाम्यातला मेहर वडिलांनी दिला होता का हे तिला विचारावे. राहिला असेल तर ते वडिलांवरचे कर्ज आहे आणि जमिनीची वाटणी होण्यापूर्वी ते फेडले गेले पाहिजे. जुना निकाहनामा घरात सापडला नाही, तर ज्या काझींच्या दप्तरात निकाह लागला त्यांच्या नोंदवहीतून नक्कल मागता येते.